टोमॅटोची मर आणि दोन रेषांची पट्टी: दोन हंगामांचा अनुभव

२५ पट्ट्यांचा एक डबा मी मागच्या हंगामात घेतला. त्यातल्या २१ वापरून झाल्या, ४ फ्रिजमध्ये आहेत. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा अशा पिकांना उभ्याउभ्या मारणारा राल्स्टोनिया नावाचा जिवाणू झाडात आहे की नाही, हे बांधावर बसून दहा-पंधरा मिनिटांत सांगणारी ही पट्टी. कंपनीचं नाव देत नाही. अशा पट्ट्या अनेक जण बनवतात, आणि मला जे सांगायचंय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. पट्टी चांगली आहे. पण झाडाच्या आत काय चाललंय याचा अंदाज नसेल तर माणूस ती चुकीच्या जागी बुडवतो आणि चुकीच्या उत्तरावर निर्धास्त बसतो. माझे त्यात अकरा दिवस आणि चाळीसेक झाडं गेली, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

लावणीचा ३८वा दिवस होता. दुपारी एका झाडाच्या शेंड्याची तीन-चार पानं लोंबलेली दिसली. संध्याकाळी बघितलं तर परत ताठ. दुसऱ्या दिवशी तसंच. माझे दीर म्हणाले, "वहिनी, पाणी कमी पडतंय. ठिबक अर्धा तास वाढवा." वाढवलं. चौथ्या दिवशी सकाळी ते झाड उठलंच नाही. पानं पिवळी पडली नव्हती, डाग नव्हते, कडा करपल्या नव्हत्या. हिरवंगार झाड, आणि मान टाकलेली. त्याच ओळीत, पाणी ज्या दिशेला वाहतं त्या बाजूची पुढची दोन झाडंही दुपारी लोंबायला लागली होती.

बुरशीची मर मी आधी पाहिलेली आहे. फ्युजेरियममध्ये खालची पानं आधी पिवळी होतात, कधी झाडाच्या एकाच अंगाला, आणि सगळं सावकाश चालतं. इथे पिवळं पडायला वेळच मिळाला नव्हता. आणखी एक गोष्ट मी आठवडाभर आधी पाहिली होती आणि तिचा उलटा अर्थ लावला होता: खोडाच्या खालच्या वीतभर भागावर बारीक पांढरट फोड आले होते, नवी मुळं फुटू पाहतात तसे. टोमॅटोच्या खोडाला ओलाव्यात अशी मुळं फुटतातच, त्यामुळे मला ते जोमाचं लक्षण वाटलं. शिवाय पानांचे देठ थोडे खाली वळले होते, पातं ताठ पण देठ कललेला. ते तर मी नोंदवलंसुद्धा नाही, नंतर फोटोत दिसलं.

आता डब्यात काय येतं ते सांगते. प्रत्येक पट्टी वेगळ्या चंदेरी पाकिटात, आत ओलावा शोषणारी पुडी. सोबत जाळीचं अस्तर असलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत थोडं द्रावण आधीच भरलेलं. नमुन्याचा तुकडा पिशवीत टाकायचा, बाहेरून पेनाच्या मागच्या टोकानं चेचायचा, आणि पट्टीचं टोक रेषेपर्यंत त्या पाण्यात उभं करायचं. पाणी कागदातून वर चढतं. वाटेत राल्स्टोनियाला ओळखणारी प्रतिपिंडं सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवून ठेवलेली असतात. जिवाणू असेल तर ते कण त्याच्यासकट खालच्या रेषेवर अडकतात आणि लालसर रेषा उमटते. वरची रेषा फक्त पट्टी नीट चालली एवढंच सांगते. कोरोनाच्या काळात घरोघरी वापरलेल्या पट्टीचं तत्त्व हेच. वापरायला अवघड काहीच नाही. माझ्या मुलीनं एकदा पाहून दुसरी पट्टी स्वतः लावली.

पहिली पट्टी मी लोंबलेल्या पानाला लावली. पानच आजारी दिसत होतं, तर नमुना पानाचाच घ्यायचा असं मनानं घेतलं. पानाचा तुकडा आणि थोडा देठ चेचला, पंधरा मिनिटं थांबले. वरची रेषा ठळक, खाली काहीच नाही. पत्रकात दोन रेषा म्हणजे आहे, एक रेषा म्हणजे नाही, असं मोठ्या चित्रासह दिलं होतं. मी ते चित्र पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. नमुना "जमिनीलगतच्या खोडाचा" घ्यायचा, हे त्याच पत्रकात मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं. मराठी मजकूर इतका ओढूनताणून केलेला की दोनदा वाचूनही खोड म्हणायचंय की मूळ, कळेना. या पत्रकाबद्दल माझी खरीच तक्रार आहे. ज्या एका सूचनेवर सगळं उत्तर अवलंबून आहे ती चित्राशेजारी, ठळक, पहिल्या ओळीत हवी.

मग अकरा दिवस मी पाणी, खत, मुळांवरच्या गाठी, सगळं शोधत बसले. मुळं उपटून पाहिली, सूत्रकृमीच्या गाठी नव्हत्या. पाणी वाढवलेलंच होतं आणि तेच सगळ्यात वाईट झालं, कारण हा जिवाणू मातीतल्या पाण्याबरोबर पोहत पुढच्या मुळाशी जातो. ओळीत एकामागून एक झाड पडत गेलं.

शेवटी जुनी, फुकटची परीक्षा केली. ताजं मान टाकलेलं झाड उपटलं, खोड जमिनीलगत धारदार सुरीनं तिरकं कापलं आणि चार बोटं लांबीचा तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक बुडेल असा, हलू न देता टांगला. मागे काळा कागद धरला. तीन मिनिटांच्या आत कापलेल्या टोकातून दुधाळ पांढरा धागा खाली उतरायला लागला, अगरबत्तीचा धूर उलटा सोडावा तसा. मग दुसरा, तिसरा. दहा मिनिटांत पाणी गढूळ झालं. तो धागा म्हणजे निव्वळ जिवाणू आणि त्यांचा चिकट स्राव. बुरशीच्या मरीत असं होत नाही. त्याच खोडाचा लगतचा काप पिशवीत चेचून दुसरी पट्टी लावली. खालची रेषा उमटायला तीन मिनिटंही लागली नाहीत, आणि ती वरच्या रेषेपेक्षा गडद होती.

पान "नाही" म्हणालं आणि खोड "आहे" म्हणालं, यात पट्टीचा दोष नव्हता. हा जिवाणू पानात राहतच नाही म्हटलं तरी चालेल. तो मुळाच्या जखमेतून, किंवा बाजूची मुळं फुटताना मुख्य मुळाची साल जिथे फाटते तिथून आत शिरतो आणि जलवाहिन्यांमध्ये, म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्यांमध्ये, घर करतो. संख्या थोडी असते तेव्हा तो पोहतो, पसरतो, गप्प राहतो. एकमेकांनी सोडलेल्या रासायनिक खुणांवरून आपण आता पुरेसे झालो हे त्यांना कळतं, तेव्हा सगळे मिळून एक साखरेचा चिकट गोंद भरभरून तयार करतात. खोडाच्या एका ग्रॅममध्ये १०० कोटींपर्यंत जिवाणू होऊ शकतात. नळी गोंदानं बुजली की वरच्या पानाला पाणी मिळत नाही. मातीत पाणी भरपूर, आणि झाड तहानेनं मरतंय. मी ठिबक वाढवत होते आणि झाडाला त्यातलं वर काहीच पोचत नव्हतं.

पान दुपारी लोंबून संध्याकाळी का उठत होतं, हेही त्यावरून कळतं. दुपारी पानांतून बाष्प जास्त उडतं, अर्धवट बुजलेल्या नळ्या तेवढं पाणी पुरवू शकत नाहीत. संध्याकाळी मागणी घटली की तेवढ्याच नळ्या पुरतात. म्हणजे लोंबणं-उठणं चालू आहे तोवर काही वाहिन्या मोकळ्या आहेत. ज्या सकाळी झाड उठत नाही त्या सकाळी त्याच्याकडे मोकळं काही उरलेलं नसतं.

देठ खाली वळणं आणि खोडावरचे फोड यांचं कारण वेगळं. तिथे संप्रेरकांचा खेळ आहे. इथिलीन हे वायुरूप संप्रेरक झाड स्वतः बनवतं, आणि हा जिवाणूसुद्धा बनवू शकतो. इथिलीन वाढलं की टोमॅटोच्या देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि देठ खाली वाकतो. पान पाण्याअभावी लोंबतं तेव्हा ते मऊ पडतं. इथे ते ताठ राहून कलतं. संप्रेरकांचा तोल ढळला की खोडावर नको तिथे मुळांचे अंकुरही फुटतात. म्हणजे झाडानं मान टाकायच्या आधी आठवडाभर त्याच्या वाढीची दिशा बदलली होती. पाणी तुटायच्या आधीच दुसरं कुणीतरी त्याला हुकूम द्यायला लागलं होतं. मी ते फोड कौतुकानं पाहिले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या पट्टीनंतर मी शहाणपणानं वागले असं मला वाटतं. रोगी ओळीच्या दोन्ही बाजूंची वरून निरोगी दिसणारी सहा झाडं निवडली. झाड न मारता नमुना घ्यायचा तर जमिनीलगतच्या बाजूच्या फुटव्याचा तळ घेतला, दर वेळी सुरी अल्कोहोलमध्ये बुडवून. सहांपैकी चार झाडांत एक रेषा, दोनांत खालची रेषा फिकट पण नक्की. त्या दोन झाडांवर तेव्हा डोळ्याला काही दिसत नव्हतं. शेजाऱ्याकडून भिंतीचं तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक आणली आणि दुपारी एकला पानांवर धरली. मान टाकलेल्या झाडाचं पान निरोगी झाडाच्या पानापेक्षा चार अंशांनी गरम भरलं. फिकट रेषेच्या दोन झाडांपैकी एकाचं पान दीड अंशानं गरम, दुसऱ्यात फरक नाही. पाणी कमी पडलं की पान आपली पर्णरंध्रं मिटतं, बाष्प उडणं थांबतं आणि पान तापतं. रंध्रं मिटली की कर्बवायूही आत येत नाही, म्हणजे अन्न बनवणंही मंदावतं. ती दोन्ही झाडं नऊ दिवसांत गेली. पट्टीनं नऊ दिवस आधी सांगितलं होतं. माझ्या दृष्टीनं या डब्याची सगळी किंमत त्या दोन फिकट रेषांत वसूल झाली, कारण त्यांच्यावरून मी पाण्याची लाइन कुठे तोडायची ते ठरवलं आणि पलीकडच्या चार ओळी वाचल्या.

मात्र फिकट रेषेच्या खाली काय असतं तेही लक्षात घ्या. अशा पट्टीला नमुन्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण लाखभर किंवा त्याहून जास्त जिवाणू लागतात. त्याहून कमी असतील तर एकच रेषा येते. म्हणून "नाही" या उत्तराचा अर्थ "या तुकड्यात, आज, पट्टीला दिसेल इतके नाहीत" एवढाच. आणि "आहे" या उत्तरात जिवंत-मेलेल्याचा फरक पट्टी करत नाही. पक्कं हवं असेल तर प्रयोगशाळेत पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, किंवा जिवाणू पोषक माध्यमावर वाढवून बघणं हाच मार्ग. पट्टी त्याची जागा घेत नाही, पण प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत झाडं थांबत नाहीत, हेही खरं.

काही पट्ट्या वायाही गेल्या. एकीला वरची रेषाच आली नाही, म्हणजे ती बादच. दोष माझा की तिचा सांगता येत नाही. फ्रिजमधून काढून पाकीट लगेच फोडलं होतं, आत दव धरलं असावं. आता अर्धा तास बाहेर ठेवूनच फोडते. एक पट्टी ठिबकच्या खड्ड्यातल्या पाण्यात बुडवली. एक रेषा आली आणि तिला काही अर्थ नव्हता, कारण पट्टी पाण्यासाठी किंवा मातीसाठी बनवलेलीच नाही. कंपनीच्या मदत विभागाला याबद्दल आणि पानाच्या नमुन्याबद्दल लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, पण पत्रकातलाच मजकूर परत चिकटवलेला. एखादा माणूस फोनवर "बाई, खोड घ्या, पान नको" एवढं म्हणाला असता तर पुरलं असतं.

दोन पट्ट्या मी ढोबळी मिरचीवर वापरल्या. पानांवर पाणी शिंपडल्यासारखे ओले, मग तपकिरी ठिपके होते. दोन्ही वेळा एकच रेषा, आणि ते बरोबरच होतं, कारण तो झांथोमोनास गटातला जिवाणू असावा. त्याची वाट वेगळी. तो पर्णरंध्रांतून पानात शिरतो आणि सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं थेट झाडाच्या पेशीत सोडतो. त्यातली काही प्रथिनं झाडाच्या केंद्रकात जाऊन नेमकी हवी ती जनुकं चालू करतात. मिरचीत अशा एका प्रथिनामुळे पानाच्या आतल्या पेशी फुगतात. भातावरचा त्यांचाच भाऊबंद झाडाची साखर पेशीबाहेर सोडणारी दारं उघडून घेतो, आणि बाहेर आलेली साखर त्याच्या कामी येते. ही प्रथिनं डीएनएवरची जागा कशी ओळखतात त्याची लिपी २००९ साली उलगडली, आणि त्यावरून जनुकसंपादनाची साधनं बनली. राल्स्टोनियाची पट्टी यातलं काही सांगणार नाही. तिच्याकडून ती अपेक्षाही नको.

एका वांग्याच्या झाडानं मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं. ते मेलं नाही, सुकलंही नाही. त्याची पानं मात्र नखाएवढी बारीक झाली, पेरं आखूड, फांद्यांचा झुपका, आणि फुलाच्या जागी हिरव्या पानांसारख्या पाकळ्या. फळ एकही नाही. जुने लोक याला बोकड्या म्हणतात. पट्टी लावली, एक रेषा. हा फायटोप्लाझ्मा, पेशीभित्तिका नसलेला जिवाणू. हा पाणी नेणाऱ्या नळ्यांत राहत नाही. अन्न नेणाऱ्या रसवाहिन्यांत राहतो आणि तुडतुड्यांमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहीपर्यंत असे रोग विषाणूमुळे होतात असं समजलं जायचं. या गटातल्या काहींचं एक प्रथिन झाडातल्या फूल घडवणाऱ्या प्रथिनांना कचऱ्याच्या वाटेला लावतं, म्हणून फुलाचं पान होतं. झाड जिवंत राहतं, पण स्वतःसाठी बी धरत नाही. ते पानं वाढवत बसतं, आणि पानांवर तुडतुडे येतात. त्या वांग्यापुढे मी बराच वेळ उभी राहिले. मेलेल्या टोमॅटोपेक्षा ते बघवत नव्हतं. उपटून टाकलं आणि तुडतुड्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावले.

नाताळात लाल पानांनी सजणारा पॉइन्सेटिया कुंडीत इतका बुटका आणि भरगच्च फांद्यांचा दिसतो तोही फायटोप्लाझ्मामुळेच, हे १९९७ साली सिद्ध झालं. त्या झाडातून जिवाणू काढून टाकला तर ते उंच, मोजक्या फांद्यांचं होतं. म्हणजे ज्या बदलाला मी रोग म्हणून उपटलं, तोच बदल तिथे माणूस मुद्दाम जपून ठेवतो.

टोमॅटोची ही मर जिवाणूमुळे होते हे अमेरिकेतल्या अर्विन स्मिथनं १८९६ साली मांडलं. जिवाणू वनस्पतींना रोग करूच शकत नाहीत, असं म्हणणारे त्या काळात मोठे शास्त्रज्ञ होते. जर्मनीतल्या आल्फ्रेड फिशर यांच्याशी स्मिथचा या मुद्द्यावर कडाक्याचा छापील वाद झाला. ग्लासातला तो पांढरा धागा पाहिल्यापासून मला त्या वादाचं फार नवल वाटतं. दहा मिनिटांत डोळ्यांनी दिसणारी गोष्ट.

पट्टीनं "आहे" म्हटल्यावर करायचं काय, हा प्रश्न विचारणारे बरेच भेटतात. औषध नाही. आत शिरलेल्या जिवाणूला झाडातून काढणारी कुठलीही फवारणी मला माहीत नाही, आणि कुणी विकत असेल तर त्याच्याकडे पुरावा मागा. मी रोगी झाडं मुळासकट, आजूबाजूच्या मातीसकट काढली, पिशवीत बांधून बाहेर नेली. पाण्याची लाइन तोडली. सुऱ्या, कात्र्या, चपलांचे तळ सगळं धुतलं. त्या जागेत टोमॅटो-वांगी-मिरची-बटाटा लावायचं नाही असं ठरवलं. हा जिवाणू २०० पेक्षा जास्त जातींच्या वनस्पतींत राहू शकतो, म्हणून तण म्हणून उगवलेली रोपंही उपटत राहिले. दीर आता पाणी वाढवायच्या आधी ग्लास मागतात.

या हंगामात दुसऱ्या भागात कलमी टोमॅटो लावला. खाली मर सहन करणाऱ्या जातीचं मूळ, वर नेहमीची जात. उरलेल्या पट्ट्यांतल्या आठ मी यावर घातल्या आणि मला त्याचा जराही पस्तावा नाही. चार झाडं निवडली, प्रत्येकाचे दोन नमुने: एक कलमाच्या जोडाखालचा, एक जोडाच्या वर चार बोटांवरचा. खालच्या चारपैकी तीन नमुन्यांत फिकट दुसरी रेषा आली. वरच्या चारही नमुन्यांत एकच रेषा. माती वेगळी असूनही जिवाणू पोचलाच होता. पाण्यातून, चपलेतून, कशातून ते कळलं नाही. पण तो जोडाखालीच अडकला होता. अशा काही सहनशील जातींच्या मुळांत जिवाणू शिरल्यावर जलवाहिन्यांभोवती लिग्निन आणि सुबेरिन या कडक, पाणी झिरपू न देणाऱ्या पदार्थांचं अस्तर चढतं, भिंती जाड होतात, आणि जिवाणू शेजारच्या नळीत घुसू शकत नाही. झाड त्याला मारत नाही, कोंडून ठेवतं. वरच्या भागाला पाणी मिळत राहतं, पानं थंड राहतात. बंदुकीनं मोजलं तेव्हा कलमी झाडांच्या पानांत फरक सापडला नाही.

म्हणून पाचपैकी चार गुण. एक गुण पत्रकासाठी आणि मदत विभागासाठी कापला. ज्यांच्याकडे चार-दोन कुंड्या आहेत त्यांनी हा डबा घेऊ नये, ग्लास आणि काळा कागद पुरे. रोपवाटिका असेल, रोपं दुसऱ्याला द्यायची असतील, किंवा माझ्यासारखी ओळीची लाइन कुठे तोडायची हे ठरवायचं असेल तर घ्या. कलमी रोपं विकणाऱ्यांनी तर जरूर घ्या आणि जोडाच्या खालीही तपासा, कारण वरून निरोगी दिसणारं ते झाड मुळात जिवाणू घेऊन दुसऱ्याच्या वाफ्यात जाऊ शकतं. पट्ट्या फ्रिजच्या दारात ठेवू नका, तिथे तापमान सारखं वर-खाली होतं. पाकिटावरची मुदत बघा.

चौथ्या कलमी झाडाची, ज्याच्या जोडाखाली काहीच रेषा आली नव्हती, त्याची परवा पुन्हा तपासणी करायची आहे. लावणीला ६० दिवस होतील. त्यासाठी दोन पट्ट्या वेगळ्या काढून ठेवल्यात.